लपवता न येणारे औषध

गेल्या उन्हाळ्यात शिक्षकांच्या एका शिबिरात आम्ही 'मेंदू आणि रसायने' या विषयावर बोलत होतो. तास संपल्यावर एक शिक्षिका मागे थांबल्या. म्हणाल्या, "अकरावीतल्या एका मुलाने मला विचारले, 'बाई, भास निर्माण करणाऱ्या अळंब्यांनी डिप्रेशन बरे होते, असे मोबाइलवर पाहिले. खरे आहे का?' मी त्याला 'असले काही बघत जाऊ नकोस' म्हणून गप्प बसवले. नंतर कळले, त्याची मोठी बहीण दोन वर्षे नैराश्याच्या गोळ्या घेते आहे आणि तिला म्हणावा तसा उतार नाही."

आम्ही त्यांना उभ्याउभ्या काहीतरी उत्तर दिले. घरी परतताना मात्र ते आमचे आम्हालाच पुरेसे वाटेना. मुलाचा प्रश्न उनाडपणाचा नव्हता, घरातल्या दुखण्यातून आलेला होता. आणि त्याचे उत्तर नुसत्या 'हो'मध्ये बसत नाही, तसे नुसत्या 'नाही'मध्येही बसत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगात सुमारे ३३ कोटी लोकांना नैराश्याचा विकार आहे. त्यांच्यापैकी ज्यांना उपचार मिळतात, त्यांतल्याही साधारण एकतृतीयांश लोकांना एकामागून एक औषधे देऊनही पुरेसा गुण येत नाही. अशा माणसांच्या घरात नव्या उपायाची बातमी किती आशेने ऐकली जात असेल, याची कल्पना करता येते. म्हणून ही बातमी काय आहे, तिच्यात खरे किती आणि अजून ठरायचे किती, हे जरा सावकाश पाहू या.

एक बुरशी आणि एक सायकल

बाजरी पिकवणाऱ्या भागातल्या वाचकांनी कणसावरचा अरगट पाहिला असेल. पीक फुलोऱ्यात असताना हवा ढगाळ आणि दमट राहिली, की कणसातून मधासारखा चिकट स्राव पाझरतो आणि पुढे दाण्याच्या जागी काळपट, कठीण गाठी धरतात. बी मिठाच्या वीस टक्के द्रावणात बुडवून वर तरंगणाऱ्या गाठी काढून टाकायच्या आणि मगच पेरायचे, हा उपाय कृषी विभाग अनेक वर्षे सांगत आला आहे. अरगट म्हणजे एक बुरशी. तिचीच एक बहीण युरोपात राय नावाच्या धान्यावर वाढते. तिच्या गाठी दळणात गेल्यामुळे मध्ययुगात तिकडे गावेच्या गावे आजारी पडत. हातपाय काळे पडत, झटके येत. पण याच गाठी अगदी थोड्या प्रमाणात दिल्या तर गर्भाशय आकुंचन पावते, हे सुइणींना ठाऊक होते.

या गुणाचा उपयोग करून चांगली औषधे बनवता येतील का, हे स्वित्झर्लंडमधील बाझल शहरात सँडोझ कंपनीच्या प्रयोगशाळेत तपासले जात होते. तेथील रसायनशास्त्रज्ञ आल्बर्ट हॉफमन यांनी अरगटपासून मिळणाऱ्या लायसर्जिक आम्लाची अनेक संयुगे बनवली. १९३८ साली बनवलेले पंचविसावे संयुग म्हणजे एलएसडी. प्राण्यांवरील चाचणीत त्यात विशेष काही आढळले नाही, म्हणून ते बाजूला पडले. १६ एप्रिल १९४३ रोजी हॉफमन यांनी ते पुन्हा बनवले. काम करता करता त्यांना चमत्कारिक वाटू लागले. डोळे मिटले की रंगांच्या आकृत्या दिसू लागल्या. संयुगाचा अंश चुकून शरीरात गेला असावा, अशी शंका त्यांना आली. तीन दिवसांनी, १९ एप्रिलला, त्यांनी मुद्दाम पाव मिलिग्रॅम एलएसडी घेतले. पाव मिलिग्रॅम म्हणजे मिठाच्या चार-पाच बारीक कणांचे वजन! ही मात्रा नगण्य असेल अशी त्यांची समजूत होती. प्रत्यक्षात ती भरपूर ठरली. युद्धाचे दिवस असल्याने मोटार मिळेना, तेव्हा साहाय्यकाला बरोबर घेऊन ते सायकलवरून घरी गेले. वाटेत सारे दृश्य लाटांसारखे हलत होते. घरी पोचल्यावर आपल्याला वेड लागते आहे या भीतीने ते हादरून गेले. दुसऱ्या दिवशी मात्र ते ठणठणीत होते.

अरगटच्या याच अभ्यासातून बाळंतपणानंतरचा रक्तस्राव थांबवणारे मेथर्जिन हे औषधही निघाले. एकाच बुरशीतून विष, औषध आणि मन ढवळून काढणारे रसायन अशा तीन गोष्टी निघाल्या. फरक रेणूतल्या थोड्याशा बदलाचा आणि मात्रेचा.

दुसरे रसायन आपल्याला मेक्सिकोने दिले. वाहाका प्रांतातील माझातेक लोक आजारी माणसासाठी रात्रभर एक विधी करीत आणि त्यात विशिष्ट अळंब्या खात. गॉर्डन वॉसन हे अमेरिकन गृहस्थ १९५५ साली मारिया साबिना या वैदूबाईंच्या विधीला बसले, आणि १९५७ साली त्यांनी 'लाइफ' साप्ताहिकात त्यावर लेख लिहिला. पुढच्याच वर्षी हॉफमन यांनी त्या अळंब्यांमधील सायलोसिबिन हे द्रव्य वेगळे केले. विज्ञानाला एक नवा रेणू मिळाला. मारिया साबिना यांना काय मिळाले? लेखानंतर गावात गंमत म्हणून अळंब्या खाणाऱ्या परक्यांची रीघ लागली, पोलिसांचा ससेमिरा सुरू झाला, आणि त्यांचे घरही जाळले गेले. ज्ञान कोणाकडून आले आणि त्याची किंमत कोणी मोजली, हा प्रश्न विज्ञानाच्या इतिहासात वारंवार येतो, आणि तो टाळू नये.

मेंदूत काय घडते?

मेंदूतील चेतापेशी एकमेकींना थेट चिकटलेल्या नसतात. दोघींमध्ये एक अतिसूक्ष्म फट असते. एका पेशीतून निघालेले रासायनिक संदेशवाहक ती फट ओलांडतात आणि पलीकडच्या पेशीवरील ग्राही रेणूंवर जाऊन बसतात, कुलपात किल्ली बसावी तसे. सिरोटोनिन हे असेच एक संदेशवाहक. ते १९४८ साली रक्तातून वेगळे करण्यात आले आणि १९५३ साली ते मेंदूतही सापडल्याचे प्रसिद्ध झाले. एलएसडी आणि सिरोटोनिन यांच्या रेणूंचा सांगाडा काहीसा सारखा आहे, हे लगेच लक्षात आले. चिमूटभरसुद्धा नसलेले रसायन मन इतके बदलू शकते, तर मनाच्या आजारांतही रसायनांचा वाटा असेल, या विचाराला त्यातून जोर मिळाला.

या गोष्टीचा एक धागा मुंबईतूनही जातो. डॉ. रुस्तम जाल वकील या मुंबईच्या हृदयरोगतज्ज्ञांनी १९४९ साली 'ब्रिटिश हार्ट जर्नल'मध्ये सर्पगंधेचा रक्तदाबावरील उपयोग मांडला, आणि आपल्याकडच्या या जुन्या वनस्पतीकडे जगाचे लक्ष गेले. तिच्यातील रिसर्पिन पुढे मनोविकारांवरही वापरले गेले. ते मेंदूतील सिरोटोनिनचा साठा रिकामा करते, असे १९५५च्या सुमारास दिसून आले. आजच्या मनोविकारशास्त्रातील औषधांचा पाया ज्या दहा-पंधरा वर्षांत घातला गेला, त्यात बाझलची बुरशी आहे तशी आपली सर्पगंधाही आहे.

सायलोसिबिन पोटात गेल्यावर शरीर त्याच्यावरचा फॉस्फेटचा गट काढून टाकते आणि सायलोसिन तयार होते. खरे काम हे सायलोसिन करते. सिरोटोनिनचे ग्राही अनेक प्रकारचे असतात. त्यांपैकी '५-एचटी-२ए' नावाच्या ग्राहीवर सायलोसिन बसते. हे कशावरून? १९९८ साली झुरिकच्या संशोधकांनी स्वयंसेवकांना आधी हा ग्राही झाकून टाकणारे केटान्सेरिन हे औषध दिले आणि मग सायलोसिबिन दिले. भास झाले नाहीत. कुलपाच्या भोकात आधीच काडी अडकवली, तर किल्ली आत जात नाही, तसे.

परिणामाच्या चार-सहा तासांत मेंदूच्या भागांमधील नेहमीचा ताळमेळ सैल होतो. माणूस स्वस्थ बसून स्वतःविषयी विचार करीत असताना जे जाळे विशेष जागे असते, त्यातील सुसूत्रता कमी झालेली प्रतिमांमध्ये दिसते. प्रयोगशाळेत वाढवलेल्या चेतापेशींना या रसायनांमुळे नव्या फांद्या फुटतात, असे २०१८ साली एका अमेरिकी गटाने दाखवले. यावरून मांडलेली कल्पना अशी: नैराश्यात विचार एकाच चाकोरीतून फिरत राहतो. 'मी कामाचा नाही, काही सुधारणार नाही.' पावसाळी रस्त्यावर बैलगाडीचे चाक जुन्या चाकोरीतच जाते, तसे. ही रसायने रस्ता काही काळ सपाट करतात, आणि त्या काळात चाक नव्या दिशेने वळवता येते. कल्पना आकर्षक आहे. पण ती अजून कल्पनाच आहे, हे आपण विसरायचे नाही. 'सिरोटोनिन कमी म्हणजे नैराश्य' हे समीकरणही एके काळी असेच आकर्षक वाटे. आज ते इतक्या सोप्या रूपात कोणी जाणकार मांडत नाही.

पहिला बहर आणि बंदी

१९५०च्या दशकात सँडोझने एलएसडी 'डेलिसिड' या नावाने डॉक्टरांना संशोधनासाठी पुरवले. कॅनडातील सस्कॅचवान प्रांतात डॉ. हम्फ्री ऑसमंड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ते दारूच्या व्यसनावर वापरून पाहिले. 'सायकेडेलिक' हा शब्दही ऑसमंड यांचाच. त्याचा मूळ ग्रीक अर्थ 'मन प्रकट करणारे'. १९६०च्या दशकाच्या मध्यापर्यंत या विषयावर हजाराहून अधिक शोधनिबंध निघाले आणि सुमारे ४०,००० रुग्णांना ही औषधे दिली गेली, असा हिशेब नेहमी दिला जातो.

मग हे सारे थांबले का? लोक म्हणतात, सरकारने बंदी घातली म्हणून. ते अर्धेच खरे आहे. एलएसडी प्रयोगशाळेतून रस्त्यावर आले, तरुणांमध्ये पसरले, अपघात झाले. अमेरिकेच्या गुप्तहेर खात्याने माणसांना न सांगता ते पाजल्याचे प्रकारही पुढे उघड झाले. १९७० साली अमेरिकेने आणि १९७१ साली संयुक्त राष्ट्रांच्या करारान्वये बहुतेक देशांनी ही द्रव्ये सर्वांत कडक यादीत टाकली. आपल्याकडे १९८५च्या अमली पदार्थविरोधी कायद्यानुसार ती बाळगणे हा गुन्हा आहे.

पण बंदीच्या आधीच आणखी एक गोष्ट घडली होती. थॅलिडोमाइड या औषधामुळे हजारो बाळे हातापायांच्या व्यंगांसह जन्मली, आणि त्यातून धडा घेऊन अमेरिकेने १९६२ साली नियम केला, की औषध सुरक्षित असून भागणार नाही, ते गुणकारी असल्याचे नीट नियंत्रित चाचणीने सिद्ध करावे लागेल. सायकेडेलिक औषधांवरचे बरेचसे जुने काम या कसोटीला उतरत नव्हते. तुलनेसाठी दुसरा गट नसे. डॉक्टरच स्वतः उत्साही असत, आणि रुग्ण बरा झाला की नाही हे तेच ठरवीत. सगळेच काम टाकाऊ होते असे मात्र नाही. २०१२ साली दोन नॉर्वेजियन संशोधकांनी त्या काळातील दारूच्या व्यसनावरील सहा बऱ्यापैकी चाचण्या एकत्र तपासल्या. ५३६ रुग्णांच्या या हिशेबात एलएसडी मिळालेल्यांपैकी ५९ टक्के, तर इतरांपैकी ३८ टक्के सुधारले होते.

पुन्हा सुरुवात

या विषयाकडे जगाचे लक्ष पुन्हा वळले ते २००६ साली, जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातील रोलंड ग्रिफिथ्स यांच्या सायलोसिबिनवरील निबंधामुळे. आजच्या चाचण्यांमध्ये उपचार कसा होतो, हे नीट समजून घ्यायला हवे. कारण 'अळंबी खाल्ली आणि बरा झाला' असे चित्र पूर्ण चुकीचे आहे.

आधी रुग्णाची कसून तपासणी होते. स्वतःला किंवा जवळच्या नात्यात छिन्नमनस्कता वा द्विध्रुवीय विकार असेल, किंवा हृदयाची तक्रार असेल, तर सहसा घेत नाहीत. मग उपचारकांबरोबर काही बैठका होतात. काय होऊ शकेल, भीती वाटली तर काय करायचे, हे बोलले जाते. औषधाच्या दिवशी शांत खोलीत, डोळ्यांवर पट्टी आणि कानांवर संगीत अशा स्थितीत रुग्ण सहा ते आठ तास असतो, आणि प्रशिक्षित माणसे सतत जवळ असतात. मात्रा मोजून दिलेली, शुद्ध रसायनाची असते. त्यानंतर पुन्हा बैठका होतात आणि अनुभवात जे उमटले त्याचा अर्थ लावला जातो. म्हणूनच याला औषधोपचार न म्हणता 'औषधाच्या साहाय्याने मानसोपचार' म्हणतात. आणि इथेच शास्त्रज्ञांची पंचाईत होते: गुण आला तर तो औषधाचा, बैठकांचा, की आठ तास कोणी आस्थेने जवळ बसल्याचा?

परीक्षा घ्यायची कशी?

समजा, हिरवी मिरची खाल्ल्याने सर्दी लवकर बरी होते असा दावा कोणी केला. तपासायचा कसा? आपण सर्दी झालेली शंभर माणसे घेऊ, चिठ्ठ्या टाकून दोन गट करू, एका गटाला मिरचीचा ठेचा देऊ आणि दुसऱ्याला तसाच दिसणारा, पण तिखट नसलेला ठेचा. कोणाला काय दिले ते खाणाऱ्यालाही सांगायचे नाही आणि नोंद घेणाऱ्यालाही नाही. याला दुहेरी-अंध चाचणी म्हणतात. आता अडचण पाहा. पहिला घास तोंडात गेला, की कोणाला काय मिळाले ते सगळ्यांना कळले! पुढे 'नाक मोकळे वाटते का?' असे विचारले, तर ठेचा खाल्लेला माणूस 'हो' म्हणेल. त्यात मिरची किती आणि अपेक्षा किती, हे कसे सांगणार?

गोळीत औषध नसतानाही केवळ औषध घेतले या भावनेने बरे वाटते. याला प्लॅसिबोचा परिणाम म्हणतात. नैराश्याच्या चाचण्यांत तो बराच मोठा असतो, कारण तिथे मोजमाप म्हणजे रुग्णाला विचारलेले प्रश्न. ताप थर्मामीटरवर दिसतो, मनाचा भार असा दिसत नाही. सायकेडेलिक औषध हा तर तिखटातला तिखट ठेचा. तो लपवता येत नाही.

या अडचणीची चुणूक फार पूर्वी दिसली होती. १९६२ साली गुड फ्रायडेच्या दिवशी बोस्टनमध्ये वॉल्टर पान्के यांनी धर्मशास्त्राच्या २० विद्यार्थ्यांवर प्रयोग केला. दहा जणांना सायलोसिबिन, दहा जणांना निकोटिनिक आम्ल. निकोटिनिक आम्लाने चेहरा लाल होतो, अंगात ऊब वाटते, तेव्हा ते घेणाऱ्यांची फसगत होईल असा अंदाज होता. थोड्याच वेळात कोण कोणत्या गटात हे सर्वांना उमगले. शिवाय सायलोसिबिन घेतलेल्या एका विद्यार्थ्याला इतका त्रास झाला, की शांत करणारे इंजेक्शन द्यावे लागले. ही गोष्ट मूळ प्रबंधात आलीच नव्हती. ती १९९१ साली झालेल्या पाठपुराव्यात बाहेर आली. प्रयोगवहीत नको असलेले निरीक्षण गाळू नका, असे आपण मुलांना का सांगतो, त्याचे हे उदाहरण.

आता आकडे पाहू. २०१६ साली जॉन्स हॉपकिन्समध्ये कर्करोगामुळे भय आणि नैराश्य आलेल्या ५१ रुग्णांवर चाचणी झाली. सहा महिन्यांनंतरही सुमारे ८० टक्के रुग्णांमध्ये मोठी सुधारणा टिकून होती. निकाल आशादायक होता, पण गट लहान. २०२१ साली लंडनच्या इम्पीरियल कॉलेजने ५९ रुग्णांमध्ये सायलोसिबिनची तुलना एस्सिटालोप्रॅम या रोजच्या वापरातील गोळीशी केली. आधी ठरवलेल्या मुख्य मोजपट्टीवर दोहोंत संख्याशास्त्रीय फरक सिद्ध झाला नाही. २०२२ साली उपचारांना दाद न देणारे नैराश्य असलेल्या २३३ रुग्णांची चाचणी प्रसिद्ध झाली. त्यांना एकदाच २५, १० किंवा १ मिलिग्रॅम सायलोसिबिन दिले होते. सगळ्यांनाच सायलोसिबिन मिळणार म्हटल्यावर अंदाज करणे थोडे कठीण, ही त्यातली युक्ती. तीन आठवड्यांनी नैराश्याचे गुण, ६० पैकी, अनुक्रमे १२, ७.९ आणि ५.४ने उतरले. मात्रा वाढली तसा परिणाम वाढला, ही जमेची बाजू. पण बारा आठवडे टिकलेला गुण २५ मिलिग्रॅमच्या गटातही पाचांतल्या एकालाच होता. जून २०२५मध्ये २५८ रुग्णांच्या आणखी मोठ्या चाचणीचा निकाल जाहीर झाला. सहा आठवड्यांनंतर प्लॅसिबोपेक्षा ३.६ गुणांचा फरक. फरक आहे, संख्याशास्त्राने मान्य केलेला आहे, पण 'चमत्कार' म्हणावा असा नाही.

एमडीएमए या दुसऱ्या द्रव्याची गोष्ट तर परीक्षेच्या अडचणीचा धडाच आहे. युद्ध, बलात्कार, अपघात अशा आघातांनंतर वर्षानुवर्षे पाठ न सोडणाऱ्या ताणविकारावर ते मानसोपचारासोबत दिले गेले. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या १०४ रुग्णांच्या चाचणीत एमडीएमए गटातील ७१ टक्के रुग्णांना विकाराचे निकष लागू राहिले नाहीत. प्लॅसिबो गटात हेच प्रमाण ४८ टक्के. पण आपल्याला काय मिळाले, हे एमडीएमए गटातील ९४ टक्के लोकांनी ओळखले होते! जून २०२४मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाच्या सल्लागार समितीने गुणकारितेच्या प्रश्नावर ९ विरुद्ध २ मतांनी नकार दिला आणि ऑगस्टमध्ये प्रशासनाने मंजुरी नाकारली. त्याच महिन्यात या द्रव्यावरचे तीन जुने निबंध एका नियतकालिकाने मागे घेतले. चाचणीच्या काळात उपचारकांकडून अनैतिक वर्तन झाल्याचे उघड झाले होते. औषधाच्या अमलाखाली माणूस अतिशय हळवा, दुसऱ्यावर सहज विसंबणारा होतो. अशा वेळी जवळ कोण बसले आहे, हा प्रश्न मात्रेइतकाच महत्त्वाचा आहे. ऑस्ट्रेलियाने मात्र १ जुलै २०२३पासून खास परवानगी असलेल्या मनोविकारतज्ज्ञांना ही दोन्ही औषधे ठरावीक विकारांसाठी देण्याची मुभा दिली. एकाच पुराव्यावरून दोन देशांनी वेगळे निर्णय घेतले.

औषध लपवण्याचा सर्वांत हुशार प्रयत्न आम्हाला स्टॅनफर्डचा वाटतो. केटामाइन हे भुलीचे जुने औषध. ते वेगळ्या ग्राहीवर काम करते, पण त्यानेही भान बदलते, आणि नैराश्यावर ते वापरले जाते. आपल्याकडेही काही मनोविकारतज्ज्ञ ते रुग्णालयात, देखरेखीखाली देतात. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत शस्त्रक्रियेसाठी आलेले, नैराश्यही असलेले ४० रुग्ण घेतले. पूर्ण भूल दिल्यावर, बेशुद्धीतच, निम्म्यांना केटामाइन आणि निम्म्यांना नुसते मिठाचे पाणी शिरेतून दिले. काहीच जाणवणार नाही म्हटल्यावर ओळखणार कसे? निकाल काय लागला? दोन्ही गटांचे नैराश्य जवळपास निम्म्याने उतरले, आणि दोहोंत फरक सापडला नाही! याचा अर्थ केटामाइन निरुपयोगी, असा काढण्याची घाई करू नये. कदाचित जागेपणी होणारा अनुभवच उपचाराचा भाग असेल. कदाचित भुलीच्या औषधांनी त्याचा परिणाम अडवला असेल. पण आशा आणि आस्था यांचे बळ किती मोठे असते, हे मात्र त्यातून स्पष्ट दिसते.

वर्गात आणि घरात

हा विचार मुलांपर्यंत न्यायला प्रयोगशाळा लागत नाही. लिंबाचे सरबत एकाच भांड्यात करा. निम्म्या पेल्यांत खाण्याचा केशरी रंग एक थेंब घाला. 'कोणते जास्त गोड?' विचारा आणि उत्तरे फळ्यावर लिहा. मग डोळे बांधून पुन्हा विचारा. दोन्ही वेळची उत्तरे शेजारी शेजारी ठेवली, की अंध चाचणी म्हणजे काय, ते मुलेच सांगू लागतील. शेवटी विचारा: सरबताच्या एका पेल्यात तिखट घातले असते, तर डोळे बांधून काय उपयोग झाला असता? मग चाचणी कशी आखाल? या प्रश्नाला अजून कोणी पक्के उत्तर दिलेले नाही, हेही त्यांना सांगा. विज्ञानाच्या पुस्तकात सगळी उत्तरे छापून झालेली नसतात, हे कळण्यासारखे दुसरे शिक्षण नाही.

आणि त्या अकरावीतल्या मुलाला काय सांगायचे? आम्ही त्याला असे सांगू: "तू पाहिलेस ते अगदीच खोटे नाही. काही रुग्णांना गुण आला आहे. पण तो अळंबी खाऊन आलेला नाही. तपासणी, मोजलेली मात्रा, प्रशिक्षित माणसे आणि अनेक बैठका, या सगळ्यांतून आलेला आहे. तो किती टिकतो आणि त्यात औषधाचा वाटा किती, हे शास्त्रज्ञ अजून शोधत आहेत. काहींना त्याने तीव्र भीती, डोकेदुखी, मळमळ झाली आहे. चाचण्यांत काहींच्या मनात आत्महत्येचे विचार आल्याच्याही नोंदी आहेत. रानातली अळंबी ओळखण्यात चूक झाली, तर ती जिवावर बेतते. आपल्या देशात ही द्रव्ये बाळगणे गुन्हा आहे. आणि ताईच्या चालू गोळ्या कोणाच्या सांगण्यावरून अचानक थांबवू नका. गुण येत नसेल तर तसे डॉक्टरांना स्पष्ट सांगा. गोळी बदलणे, दुसरी जोडणे, समुपदेशन, असे सिद्ध झालेले अनेक मार्ग अजून शिल्लक असतात. मध्येच फार अवघड वाटले, तर १४४१६ या 'टेलिमानस'च्या क्रमांकावर कोणत्याही वेळी मोफत बोलता येते."

इतके सांगून झाल्यावर मात्र थांबावे आणि एक प्रश्न आपण विचारावा: "ताई आता कशी आहे?" शिबिरातल्या त्या बाईंनी पुढच्या आठवड्यात नेमके हेच केले, असे त्यांनी पत्राने कळवले. मुलगा अर्धा तास बोलत होता.